निरर्थक शब्दांची कसोटी आणि शब्दार्जन : भाषादोष असलेल्या मुलांच्या शाब्दिक स्मृतीविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

काही मुलांना नीट ऐकू येते, मेंदूला इजा झालेली नसते, घरात बोलणारी माणसे असतात. तरीही त्यांची भाषा वयाच्या मानाने मागे राहते. शब्द उशिरा येतात, आलेले शब्द ऐन वेळी सापडत नाहीत, वाक्ये तुटक राहतात. वर्गात अशा मुलाला 'मठ्ठ', 'घुमा' किंवा 'लक्ष नसलेला' ही विशेषणे फार लवकर चिकटतात. इंग्रजी संशोधनात या दोषाला बराच काळ 'स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट' म्हटले जाई. २०१६ व २०१७ मध्ये डोरोथी बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी भाषक देशांतील तज्ज्ञांशी विचारविनिमय करून 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' ही संज्ञा पुढे आणली आणि अशाब्दिक बुद्ध्यांक सर्वसाधारण असलाच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. प्रस्तुत लेखात यासाठी 'विकासात्मक भाषादोष' किंवा थोडक्यात 'भाषादोष' असा शब्द वापरला आहे.

हा प्रश्न विरळा नाही. अमेरिकेत टॉम्ब्लिन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बालवर्गातील सुमारे ७.४ टक्के मुलांत हा दोष आढळला. इंग्लंडमधील सरे परगण्यात नॉर्बरी व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासातही दुसरे कोणतेही वैद्यकीय कारण नसलेल्या भाषादोषाचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपासच आले. म्हणजे तीस-चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले. हे आकडे इंग्रजी भाषक प्रदेशांतील आहेत, ते जसेच्या तसे इतरत्र लावता येणार नाहीत. परंतु हा दोष इंग्रजीपुरता मर्यादित नाही, हे इटालियन, हिब्रू, कँटोनीज इत्यादी भाषांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

या मुलांना शब्द का लागत नाहीत? गेल्या पस्तीस वर्षांत या प्रश्नाला दिले गेलेले सर्वांत प्रभावी उत्तर असे की त्यांची शाब्दिक स्मृती, विशेषतः ऐकलेले ध्वनी क्षणभर धरून ठेवण्याची शक्ती, दुबळी असते. या उत्तराने पुष्कळ उपयुक्त संशोधन घडवून आणले. मात्र ते पूर्ण उत्तर आहे असे समजून शाळेत किंवा घरी उपाय ठरवले तर मुलाचे नुकसान होण्याचा संभव आहे. या उत्तरात टिकाऊ काय आहे आणि कोठे ते पुराव्यापेक्षा पुढे गेले आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सिद्धान्ताची मांडणी

ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये 'वर्किंग मेमरी' म्हणजे कार्यरत स्मृतीची कल्पना मांडली. तिचा एक भाग ध्वनींसाठी आहे. ऐकलेले ध्वनी तेथे दोनएक सेकंद टिकतात. मनातल्या मनात पुन्हा उच्चारले तर आणखी टिकतात, नाहीतर विरून जातात. कोणी दूरध्वनी क्रमांक सांगितला की तो लिहून घेईपर्यंत माणूस तोंडातल्या तोंडात घोळवत राहतो, ते याच स्मृतीचे काम होय. हिला पुढे 'ध्वनिस्मृती' म्हटले आहे.

ही स्मृती केवळ क्रमांक लक्षात ठेवण्यासाठी असेल तर तिचे महत्त्व मर्यादित राहिले असते. १९८८ मध्ये बॅडली, पापाग्नो व व्हालार यांनी मेंदूला इजा झालेल्या एका इटालियन स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. संशोधनात ती 'पी. व्ही.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे बोलणे व्यवस्थित होते. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांप्रमाणेच पाठ करू शकत होती. मात्र इटालियन शब्दाशी जोडलेला अनोळखी रशियन शब्द केवळ ऐकून तिला शिकता येईना. तिची ध्वनिस्मृती जवळजवळ नाहीशी झाली होती. यावरून असे अनुमान निघाले की ओळखीच्या शब्दांसाठी अर्थाचा आधार पुरतो, पण शब्द अगदी नवा असेल तेव्हा ध्वनिस्मृतीवाचून चालत नाही.

मुलांसाठी तर प्रत्येक शब्द कधीतरी असाच नवा असतो. 'वरवंटा' हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या मुलाने त्याचे ध्वनी क्रमाने धरले नाहीत तर त्याच्याकडे 'वंटा' किंवा 'ववटा' एवढेच उरेल. सुझन गॅदरकोल व बॅडली यांनी १९८९ मध्ये चार ते पाच वर्षांच्या मुलांचा पाठपुरावा करून दाखवले की चौथ्या वर्षी निरर्थक शब्द ऐकून ते जसेच्या तसे म्हणण्यात जी मुले सरस होती, त्यांचा शब्दसंग्रह वर्षभरानंतर मोठा होता. १९९० मध्ये त्यांनी भाषादोष असलेली सहा मुले तपासली. सुमारे आठ वर्षांची ही मुले निरर्थक शब्द म्हणण्यात चार वर्षांच्या मुलांइतकीच होती. म्हणजे त्यांच्या एकूण भाषेपेक्षाही या कामात ती मागे होती. यातूनच ध्वनिस्मृतीचा दोष हे भाषादोषाचे मूळ असावे, असा विचार पुढे आला. १९९८ मध्ये बॅडली, गॅदरकोल व पापाग्नो यांनी ध्वनिस्मृती हे मुळात भाषा शिकण्याचेच साधन आहे, असे प्रतिपादन केले.

या मांडणीचे श्रेय नाकारता येणार नाही. त्यापूर्वी भाषादोषाची चर्चा मुख्यतः व्याकरणाभोवती फिरत होती. 'ऐकलेला शब्द मुलाच्या मनात टिकतो तरी का?' हा साधा प्रश्न तिने मध्यभागी आणला. कसोटीही सोपी आहे. तीस-चाळीस निरर्थक शब्द, पाच-दहा मिनिटे, वाचन-लेखनाची गरज नाही. १९९६ मध्ये बिशप, नॉर्थ व डॉनलन यांनी जुळ्या मुलांच्या अभ्यासातून दाखवले की या कसोटीतील दुर्बलता बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे आणि ज्या मुलांचे बोलणे पुढे सुधारले त्यांच्यातही ती शिल्लक राहते. भाषादोषाची खूण म्हणून या कसोटीचे मोल त्यामुळे सिद्ध झाले. प्रश्न आहे तो खुणेला कारण समजण्याचा.

कसोटी नेमके काय मोजते?

पहिला आक्षेप कसोटीच्या घडणीवर आहे. मार्गारेट स्नोलिंग, शुला चियाट व चार्ल्स ह्यूम यांनी १९९१ मध्येच विचारले होते की निरर्थक शब्द म्हणून दाखवणे हे केवळ स्मृतीचे काम आहे काय? मुलाला तो शब्द आधी नीट ऐकावा लागतो, त्याचे ध्वनी वेगळे करावे लागतात, ते धरावे लागतात आणि मग ओठ-जिभेने त्यांची जुळणी करावी लागते. यांपैकी कोणतीही पायरी लंगडी पडली तर उत्तर चुकते. गुण मात्र एकच मिळतो आणि तो 'स्मृती'च्या खात्यावर लिहिला जातो.

शिवाय निरर्थक शब्द पूर्णपणे निरर्थक क्वचितच असतात. मराठीत उदाहरण घ्यायचे तर 'टिमोरकर' हा शब्द कोशात नाही, पण '-कर' हे आडनावांचे शेपूट मराठी मुलाच्या कानाला परिचित आहे. मुलाला फक्त 'टिमोर' धरावे लागते, बाकीचे भाषेच्या सवयीने येते. याउलट 'थेगुनापी' या शब्दाला असा आधार नाही. गॅदरकोल यांनी स्वतःच १९९५ मध्ये दाखवले की खऱ्या शब्दांसारखे वाटणारे निरर्थक शब्द मुले अधिक अचूक म्हणतात. म्हणजे ज्याचा शब्दसंग्रह आधीच मोठा, त्याला ही कसोटी सोपी जाते. मग ध्वनिस्मृतीमुळे शब्दसंग्रह वाढला की शब्दसंग्रहामुळे कसोटीतले गुण वाढले, हे कसे ठरवायचे? डॉलहन व कॅम्पबेल यांनी १९९८ मध्ये ओळखीचे तुकडे टाळून सोळा शब्दांची कसोटी तयार केली. तीतही भाषादोष असलेली मुले स्पष्टपणे मागे पडली, विशेषतः लांब शब्दांत. त्यामुळे ही खूण अधिक विश्वसनीय ठरली, हे मान्य करावे लागते. मात्र कारणाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

कारण की खूण?

कारण ठरवायचे तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. जेथे ध्वनिस्मृती दुबळी तेथे शब्द शिकणे अडायला हवे. आणि आधीच्या ध्वनिस्मृतीवरून नंतरच्या शब्दवाढीचा अंदाज बांधता यायला हवा. या दोन्ही बाबतींत पुरावा अपेक्षेपेक्षा कमी पडतो.

१९९२ मध्ये गॅदरकोल व सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांपर्यंत मुलांचा पाठपुरावा केला. चौथ्या वर्षीच्या ध्वनिस्मृतीवरून पाचव्या वर्षीच्या शब्दसंग्रहाचा अंदाज येत होता. पाचव्या वर्षानंतर मात्र दिशा उलटली; शब्दसंग्रहावरून पुढच्या ध्वनिस्मृतीचा अंदाज येऊ लागला. शालेय वयातील शब्दार्जनाचे खापर ध्वनिस्मृतीवर फोडण्यास त्यामुळे आधार राहत नाही.

याहून महत्त्वाचा अभ्यास २००५ चा, आणि तोही गॅदरकोल यांच्याच नेतृत्वाखाली इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांवर झालेला आहे. लहान वयापासून ज्यांची ध्वनिस्मृती अत्यंत दुबळी होती अशी मुले निवडून आठव्या वर्षी पुन्हा तपासली. सिद्धान्त बरोबर असता तर त्यांचा शब्दसंग्रह खुरटलेला दिसायला हवा होता. प्रत्यक्षात शब्दसंग्रह, भाषा आणि गणित यांत ती इतर मुलांच्या बरोबरीने होती. स्वतःच्या मताला अडचणीचा ठरणारा पुरावा संशोधकांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. अशाच स्वरूपाचे निरीक्षण ब्रिस्को, बिशप व नॉर्बरी यांनी २००१ मध्ये सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या मुलांबाबत नोंदवले. निरर्थक शब्द म्हणण्यात ही मुले भाषादोष असलेल्या मुलांइतकीच कमकुवत होती, पण भाषा व वाचन यांत त्यांच्यापेक्षा सरस होती.

२०१२ मध्ये मेल्बी-लेर्वोग व सहकाऱ्यांनी नॉर्वेतील दोनशेहून अधिक मुलांचा चार ते सात वर्षांपर्यंत अभ्यास केला. मुलामुलांतील कायमचा फरक हिशेबात घेतल्यावर, निरर्थक शब्द म्हणण्याच्या क्षमतेमुळे पुढे शब्दसंग्रह वाढतो असा पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ ध्वनिस्मृतीचा शब्दार्जनाशी काहीच संबंध नाही असा नव्हे. पी. व्ही.चे उदाहरण खोटे ठरलेले नाही. अर्थ एवढाच की एकट्या दुबळ्या ध्वनिस्मृतीने मुलाची भाषा अडत नाही. शब्द पुनःपुन्हा कानावर पडला, त्याचा अर्थ उमगला, तो वापरायची संधी मिळाली तर मूल दुसऱ्या वाटेने तेथे पोचते. भाषादोष असलेल्या मुलांत ही दुसरी वाटही अरुंद असते. ती वाट कोणती, याकडे कसोटीच्या मोहात दुर्लक्ष झाले.

अर्थाचा आणि आवृत्तीचा वाटा

शब्द म्हणजे केवळ ध्वनींची माळ नव्हे. त्या ध्वनींना अर्थ जोडावा लागतो, तो इतर अर्थांपासून वेगळा करावा लागतो, दिवसेंदिवस टिकवावा लागतो आणि गरजेच्या वेळी बाहेर काढावा लागतो. उर्दू व मराठी या दोन्ही भाषा जाणणाऱ्यास हा फरक सहज ध्यानात येईल. 'राजीनामा' हा शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखाच ऐकू येतो, पण उर्दूत तो तडजोडीचा लेख आणि मराठीत पद सोडल्याचे पत्र. 'औलाद' उर्दूत साधी संतती. मराठीत 'अवलाद' म्हटले की बोलण्यात तुच्छता येते. येथे ध्वनी लक्षात ठेवण्याचा भार जवळजवळ शून्य आहे, तरी शिकण्याचे काम संपत नाही. उरते ते सगळे अर्थाचे काम.

भाषादोष असलेल्या मुलांचे हे अर्थाचे कामही कच्चे राहते, असे कार्ला मॅकग्रेगर व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसते. त्यांनी मुलांना चित्रातील वस्तूंची नावे विचारली आणि त्याच वस्तू काढायला व समजावून सांगायला लावल्या. ज्या वस्तूंची नावे मुलांना सांगता आली नाहीत, त्यांची चित्रे व वर्णनेही बहुधा त्रोटक होती. म्हणजे नाव जिभेवर येत नाही याचे कारण पुष्कळदा नावात नसून त्या वस्तूविषयीच्या तुटपुंज्या ज्ञानात असते.

आवृत्तीच्या संख्येवर मेबल राइस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रकाश टाकला. चित्रफितीतील गोष्टींत त्यांनी नवे शब्द काही मुलांना तीन वेळा, काहींना दहा वेळा ऐकवले. तीन वेळा ऐकून भाषादोष असलेल्या मुलांना लाभ झाला नाही, दहा वेळा ऐकून झाला. पण तो लाभ, विशेषतः क्रियापदांच्या बाबतीत, पुढे टिकला नाही. शेली ग्रे यांच्या २००३ च्या अभ्यासातही नवे शब्द समजण्यासाठी व बोलण्यासाठी या मुलांना इतर मुलांच्या सुमारे दुप्पट संधी द्याव्या लागल्या. दोष 'येत नाही' असा नसून 'जास्त वेळा आणि जास्त दिवस लागतात' असा आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हे दोन निष्कर्ष फार वेगळे आहेत. पहिल्यात मूल सोडून दिले जाते, दुसऱ्यात पाठाचे नियोजन बदलते.

मराठी-उर्दू परिसरात कसोटीची मर्यादा

हे बहुतेक संशोधन इंग्रजीवर उभे आहे. ते मराठी व उर्दू बोलणाऱ्या मुलांना लावताना तीन अडचणी येतात.

पहिली अडचण शब्दाच्या रूपाची. इंग्रजी प्रयोगात नवे नाम दहा वेळा ऐकवले तर ते दहाही वेळा जवळपास त्याच रूपात ऐकू येते. मराठीत तसे होत नाही. 'पाऊस' ऐकलेल्या मुलाला दुसऱ्या वाक्यात 'पावसात', तिसऱ्यात 'पावसाने' ऐकू येते. 'देऊळ' चे 'देवळात', 'मीठ' चे 'मिठात' होते. म्हणजे दहा वेळा कानावर पडलेला शब्द एकाच रूपात कदाचित तीन-चार वेळाच पडलेला असतो. शिवाय प्रत्यय लागून मराठी शब्द सहज लांबतो; 'दप्तरातल्यासारखा' हा रोजच्या बोलण्यातला प्रकार आहे. लांब शब्द ऐकण्याची इतकी सवय असलेल्या मुलाला इंग्रजी मुलांसाठी ठरवलेली अवयवसंख्येची पायरी लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण ध्वनींची. मराठीतील 'ळ' व 'ण' हे स्वतंत्र ध्वनी उर्दूत नाहीत. 'चमचा' मधील मराठी दंततालव्य 'च' ही नाही. उलट उर्दूतील 'ख़' व 'ग़' मराठीत नाहीत आणि दखनी बोलीत 'क़' चाच 'ख़' होतो. 'हाथ' चे 'हात', 'कुछ' चे 'कुच' करून दखनी कित्येक महाप्राणही सोडून देते. आता 'ळ', 'ण' व महाप्राण यांनी भरलेला निरर्थक शब्द, ज्याच्या कानावर मराठी फारसे पडलेले नाही अशा दखनी भाषक मुलाला म्हणायला सांगितला आणि त्याने 'ळ' च्या जागी 'ल' म्हटले, तर ती स्मृतीची चूक धरायची की बोलीचा उच्चार? तपासणाऱ्याला बोली ठाऊक नसेल तर निरोगी मुलावर दोषाचा शिक्का बसतो. प्रमाण उर्दूच्या कसोटीवरही त्याची अशीच अडचण होते.

तिसरी अडचण भाषांच्या संख्येची. बेळगावसारख्या शहरात मुलाला घरी दखनी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू, कन्नड व इंग्रजी अशा भाषा भेटतात. हैदराबादेतील मराठी कुटुंबातील मूल घराबाहेर तेलुगू व दखनी ऐकते. अशा मुलाचे शब्द सर्व भाषांत वाटलेले असतात. 'पाणी' त्याला एका भाषेत येते, 'सुरी' दुसऱ्या भाषेत. एकाच भाषेत मोजणी केली तर संग्रह तोकडा दिसणारच. म्हणून अशा मुलाचे शब्द सर्व भाषा मिळून मोजले पाहिजेत. घरच्या भाषेत मूल चटकन शिकते आणि फक्त शाळेच्या भाषेत अडखळते, तर तो परिचयाचा प्रश्न आहे. घरच्या भाषेतही शब्द उशिरा आले, आजही सापडत नाहीत, असे घरची माणसे सांगत असतील तर भाषादोषाची शंका घ्यावी. आईचे हे सांगणे पाच मिनिटांच्या कसोटीपेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

या अडचणींची जाणीव संशोधकांना झालेली नाही असे नाही. २००९ ते २०१३ या काळात युरोपात द्विभाषिक मुलांच्या भाषादोषावर एक मोठा संयुक्त उपक्रम झाला. त्यात शुला चियाट यांनी बहुतेक भाषांना समान असलेल्या सोप्या ध्वनींची, कोणत्याही एका भाषेला न झुकणारी निरर्थक शब्दांची कसोटी सुचवली. ही दिशा योग्य आहे. मराठी व दखनी यांना समान असलेले ध्वनी, म्हणजे प, त, क, म, न, ल, स आणि साधे स्वर, घेऊन असे शब्द तयार करणे अवघड नाही. मैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबई येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांसारखी केंद्रे देशात आहेत. भाषाविभागांनी त्यांच्याबरोबर हे काम हाती घेण्यासारखे आहे.

उपायांची दिशा

संशोधनातील चूक जेव्हा उपायात उतरते तेव्हा तिची किंमत मूल मोजते. ध्वनिस्मृती हेच कारण मानले की उपाय ठरतो स्मृतीचा व्यायाम : आकड्यांच्या रांगा, शब्दांच्या याद्या, संगणकावरील खेळ. मेल्बी-लेर्वोग व ह्यूम यांनी २०१३ मध्ये स्मृतिप्रशिक्षणाच्या २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सराव केलेल्या कामात मुले तात्पुरती सुधारतात, पण शब्द, वाचन किंवा गणित यांकडे तो लाभ सरकत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. पाठांतराला आपल्या शिक्षणपरंपरेत मानाचे स्थान आहे आणि पाढे, कविता पाठ करण्याचे स्वतःचे मोल आहे. पण पाठ झालेली कविता म्हणजे शिकलेले शब्द नव्हेत. भाषादोष असलेले मूल चाल धरून कविता म्हणेलही. तिच्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर गप्प राहील.

अधिक आशादायक काम लॉरेन्स लेनर्ड व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. नवा शब्द मुलाला केवळ पुनःपुन्हा ऐकवण्याऐवजी मधे थोडे अंतर ठेवून त्यालाच आठवून सांगायला लावले, तर भाषादोष असलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांनाही तो शब्द आठवड्यानंतर अधिक चांगला आठवला. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. 'वरवंटा' हा शब्द शिकवायचा तर वस्तू हातात द्यावी, वाटून दाखवावे, पाटा व वरवंटा यांतील फरक विचारावा, दोन दुसरी कामे करून पुन्हा 'हे काय?' म्हणून विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. 'वरवंटा', 'वरवंट्याने', 'वरवंट्यावर' ही रूपे जाणीवपूर्वक ऐकवावीत. घरी त्याच वस्तूला 'बट्टा' म्हणत असतील तर तोही शब्द वर्गात बोलला जावा. एका आठवड्यात वीस शब्द उरकण्यापेक्षा सहा शब्द पक्के झालेले बरे.

दुसरा घातक उपाय म्हणजे घरची भाषा सोडण्याचा सल्ला. 'मूल मागे आहे, घरी शाळेचीच भाषा बोला' असे पालकांना सद्हेतूने सांगितले जाते. मॉन्ट्रियल येथील फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुलांवर पॅराडिस, क्रागो, जेनेसी व राइस यांनी केलेल्या २००३ च्या अभ्यासात, भाषादोष असलेली द्विभाषिक मुले त्याच दोषाच्या एकभाषिक मुलांपेक्षा व्याकरणाच्या चुका अधिक करतात असे आढळले नाही. तो अभ्यास लहान होता, तरी दुसऱ्या भाषेमुळे दोष वाढतो या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. ज्या मुलाला शब्दासाठी दुप्पट संधी हवी, त्याच्याकडून आई-आजीची भाषा काढून घेतली तर संध्या दुप्पट होत नाहीत, निम्म्या होतात.

कायद्याच्या बाजूनेही या मुलांची स्थिती अडचणीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील 'वाक् व भाषा दिव्यांगता' ही स्वरयंत्र काढून टाकणे किंवा वाचाघात यांसारख्या, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या स्थितींपुरती आहे. विकासात्मक भाषादोषात असे कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याच अधिनियमातील 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या वर्गात बोललेल्या भाषेवरील प्रक्रियेतील उणीव आणि विकासात्मक वाचाघात यांचा उल्लेख आहे. पण या वर्गाची तपासणी सामान्यतः वाचन-लेखन सुरू झाल्यावर होते. तोपर्यंत शब्द शिकण्याची बहुमोल वर्षे निघून जातात. म्हणून बालवाडी व पहिली-दुसरीच्या शिक्षकांची नजर हाच सध्या सर्वांत जवळचा आधार ठरतो.

निष्कर्ष

१. निरर्थक शब्दांची कसोटी भाषादोषाची एक चांगली खूण आहे. ते त्याचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. २००५ व २०१२ चे पुरावे त्याच्या विरुद्ध जातात.

२. भाषादोष असलेल्या मुलांचे शब्दार्जन ध्वनी, अर्थ, टिकवणे व आठवणे या चारही ठिकाणी अडू शकते. केवळ पहिल्या ठिकाणी उपाय केल्याने उरलेली तीन सुटत नाहीत.

३. मराठी व उर्दू-दखनी बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी कसोटीचे भाषांतर चालणार नाही. समान ध्वनींवर आधारलेली स्वतंत्र कसोटी, सर्व भाषांतील शब्दांची एकत्रित मोजणी आणि घरच्या माणसांचे निवेदन या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

४. थोडे शब्द, अधिक आवृत्ती, मधे अंतर, मुलाने स्वतः आठवून सांगणे आणि घरच्या भाषेला जागा, हे उपाय आजच्या वर्गातही शक्य आहेत.

स्मृतीच्या संशोधनाने या मुलांना 'मठ्ठ' या शब्दातून बाहेर काढले, हे त्याचे ऋण आहे. 'स्मृती कच्ची आहे' हे वाक्य त्या शब्दाच्या जागी नवे लेबल होऊन बसू नये, एवढी काळजी आता शिक्षकांनी व भाषाभ्यासकांनी घेतली पाहिजे.